काठातून बाहेर गेलेली रेघ

आमच्या ह्यांच्या नजरेतून कापडातली खोट सुटत नाही. स्वतःतली एकही दिसत नाही, ती गोष्ट वेगळी. गुणाजी पेडणेकर, वय चौऱ्याहत्तर. परळच्या गिरणीत मागावर होते. संपात गिरणी गेली, मग साकीनाक्याला गालिचे धुण्या-रफूच्या गाळ्यात लागले. आता गुडघे गेले म्हणून भांडुपला घरीच काम येतं. पण अजून पहाटे साडेपाचला, गिरणीच्या भोंग्याच्या वेळेला, टक्क जागे. मी ओरडते, "अहो, गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली, आता तरी बाहेर पडा तिच्यातून!"

मुलुंडच्या शुभाताई एक गालिचा घेऊन आल्या. लोकरीचा, हाताने विणलेला. गाई, घोडा, एक छोटं घर आणि भोवती काळा काठ. त्यांचे वडील जहाजावर होते. गालिचा कुठून आणला ते कधी बोलले नाहीत, आणि आता तेच गेले.

"वांद्र्याचा दुकानदार इराणी म्हणाला, मला पटत नाही," शुभाताई म्हणाल्या. "काका, बाबा आयुष्यभर बाहेरच होते हो. निदान कुठे होते, एवढं तरी कळू दे." आणि डोळे पुसायला लागल्या.

ह्यांनी गालिचा उलटा केला. चित्राकडे बघतंय कोण!

"इराणी नाही. गाठी नाहीत, झालर नाही. उभा धागासुद्धा लोकरीचा, टोकाला न कापता माघारी वळवलेला. आणि ह्या तिरक्या रेघा बघा. जमिनीवर बसून हात पुरेल तेवढं विणलंय, मग सरकून पुढचं."

देशाचं नाव मात्र येईना. शुभाताई गेल्यावर हे कामाला बसले. कोपऱ्यात काळ्या काठातून एक बारीक पांढरी रेघ पार बाहेर गेली होती.

"बघ गो, विणणाऱ्याचो हात चुकलो," म्हणाले, आणि काळ्या लोकरीने वरून अशी झकास रफू केली की मलाही जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी नात ऋतिका आली. आजोबांनी सांगितलेल्या खुणा तिने मोबाइलवर शोधल्या. "आजोबा, सापडलं! अमेरिकेतले नवाहो लोक. सगळं जुळतंय. आणि ऐका ना, त्यांच्यातल्या काही बायका काठातून एक रेघ मुद्दाम बाहेर सोडतात. विणताना जीव गुंततो ना, तो आत अडकू नये म्हणून."

ह्यांचा चहा हातातच राहिला. "ती खोट नाय होती गो. वाट होती. मी बुजवलंय."

"मग गप्प बसा," मी म्हटलं. "देश सापडला ना? कोणाला कळतंय? उगाच नावाला बट्टा." हो, मीच म्हटलं. खोटं कशाला सांगू?

ह्यांनी गालिचा पुन्हा पुढ्यात ओढला. चष्मा चढवून सुईने एकेक टाका उसवत बसले, जेवायलासुद्धा उठले नाहीत. संध्याकाळी रेघ आतून शाबूत निघाली.

शुभाताई आल्या तर देशाचं नाव सांगून लगेच कबुली. "ताई, ही त्यांची खूण, विणणाऱ्याचा जीव आत अडकू नये म्हणून सोडलेली वाट. मी अडाण्यासारखी बुजवली होती. चुकलो."

आता ही बाई रागावणार, मी मनात म्हटलं. पण त्या रेघेकडे बघत राहिल्या.

"बाबा रजेवर आले की माझं बोट धरून ह्या रेघेवरून न्यायचे आणि म्हणायचे, बाहेर पडलो, घरी आलो! मला वाटायचं, खेळ आहे." त्यांना रडू आवरेना. "म्हणजे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं ना, काका?"

हे मान डोलवत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, मी एकदा?"

सुया टोचून टोचून जाड झालेलं ह्यांचं बोट काळ्या काठातून हळूहळू बाहेर आलं. एवढी वर्षं ह्या माणसाला मी नुसती ओरडत होते.

"पडलात का बाहेर?" मी विचारलं.

"बघूया," म्हणाले. "सकाळी किती वाजता जाग येता ती."