कौशल्याबाईची शाळा

तलवाड्यात तेव्हा शाळा होती, पण ती मुलांची आणि उर्दूची. आम्हा पोरींना तिथं कोण घेणार? आमची शाळा घरातच भरायची आणि मास्तर होती आमची आई, कौशल्याबाई. हातात कायम निरगुडीचा फोक. मी केसर, सात वर्षांची. सत्यभामाक्का अकराची.

वडील आणि आजी एकाच आठवड्यात प्लेगनं गेले होते. वडिलांना गाठ आली, आजी उशाशी बसून राहिली, तीही गेली. आई तेव्हा माझ्या वेळच्या बाळंतपणाला अक्काला घेऊन माहेरी होती म्हणून वाचली. तेव्हापासून तिनं एकच धसका घेतला होता. उद्या आपण गेलो तर पोरी चुलत्याच्या दारात पडतील आणि तिथं त्यांचं पोतेरं होईल. म्हणून आम्हाला एकटीनं जगता आलं पाहिजे, एवढाच तिचा ध्यास. मी त्या वयात दळत होते, राखेखाली विस्तव राखत होते. अक्का आडाचं पाणी शेंदायची, शेळीची धार काढायची, भाकरी अशी थापायची की खोड काढायला जागा नाही म्हणून आई आणखी चिडायची. कौतुक कशाशी खातात हे त्या बाईला माहीत नव्हतं. मला तिचा राग यायचा. अजूनही येतो.

१९१८ साली दिवाळीच्या तोंडावर गेवराईचा इसाक सीताफळं विकायला आला. पाटी खाली न ठेवताच म्हणाला, "बाई, पोरींना घरात ठेवा. बीडात मानमोडीचा ताप आलाय. एका घरातून चार मयती निघाल्या." आईनं सीताफळं घेतली नाहीत.

त्याच दुपारी नवा धडा सुरू झाला.

"मला ताप आला तर मी गोठ्यात जाऊन पडंन. पाण्याची घागर अन् भाकरी संगं नेईन. तुमी आतून कडी लावायची. तीन दिवस उघडायची न्हाई. मी हाक मारली तरी न्हाई."

"कावून?" मी विचारलं.

"कावून म्हंजी? तवा बोलंल ती मी नसंन, ताप असंल. तुजी आजी जवळ बसली, काय झालं?"

नुसतं सांगून ती थांबली नाही, तालीम घेऊ लागली. ती बाहेर जायची, आम्ही कडी लावायचो आणि ती अंगणातून हाका मारायची. पहिल्या दिवशी "केसर, लई दुखतंय गं" म्हणाली आणि मी कडी काढली. फोक पोटऱ्यांवर बसला. दुसऱ्या दिवशी "इचू चावला" म्हणून अशी किंचाळली की अक्काच धावली. अक्काला मारून झाल्यावर आईनं तिला कुशीत घेतलं आणि ढसाढसा रडली. चौथ्या दिवशी आम्ही कानांत बोटं घालून बसलो, कडीला हात लावला नाही. बाहेर आई हसली. तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आठवडाभरात शेजारच्या आश्रुबाचं घर गप्प झालं. त्यांच्या चुलीचा धूर दिसेना. मग एका सकाळी दळता दळता आई थांबली. कपाळाला हात लावून पाहिला आणि घागर उचलून गोठ्याकडं निघाली. मागं वळून पाहिलं नाही. अक्कानं कडी लावली आणि भिंतीवर चुन्याचं एक बोट ओढलं.

पहिला दिवस तिच्या खोकल्यात गेला. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तशी बडबड सुरू झाली. कधी ती वडिलांना हाक मारायची, कधी स्वतःच्या आईला. हाच तो ताप, हे आम्ही ओळखलं. मग बराच वेळ काही नाही. आणि दुपारी अगदी दाराशी, दमलेल्या, साध्या आवाजात ती म्हणाली, "सत्यभामे, घागर लवंडली गं. दार नको उघडू. झरोक्यातून वाटीभर पाणी दे."

मी तांब्या उचलला. अक्कानं तो हिसकावला, माझ्या तोंडावर हात दाबला आणि मला मांडीत आवळून बसली. "तालीम हाय," ती माझ्या कानात म्हणत होती. "न्हाईतर ताप हाय. आई न्हाई." दारावर नखं ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तोही थांबला.

तीन दिवस पुरे झाल्यावर अक्कानं कडी काढली. आई उंबऱ्याला डोकं टेकून पडली होती. हात गार होता.

गावात जे उरले ते अक्काला दगड म्हणाले. म्हणोत. चुलत्यानं न्यायला माणूस पाठवला, त्याला अक्कानं दारातूनच परत लावलं. आम्ही दोघी त्याच घरात राहिलो. दळलं, पेरलं, शेळ्या वाढवल्या, कुणापुढं पदर पसरला नाही. आईनं शिकवलं त्यातलं काही वाया गेलं नाही.

म्हातारपणीही दिवाळी जवळ आली की अक्का विचारायची, "केसर, तो तापच व्हता ना गं?"

"तापच व्हता," मी म्हणायची.

पण तापाला झरोका सुचत नाही, आणि "दार नको उघडू" असं ताप म्हणत नाही. ती आई होती. मला ते सातव्या वर्षीच कळलं होतं. अक्कालाही कळलं होतं, नाहीतर दरवर्षी विचारलं कशाला असतं?