जमादारानं विचारलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. गावोगाव सभा घेणाऱ्या आमच्या संघटनेतल्या पोरांजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. माझं पत्रक कदाचित तुमच्या हातात पडलं असेल — वारंगा फाट्यावर, आखाडा बाळापूरच्या बाजारात मीच वाटत असतो. 'बंदूक दुकानातून घ्या की परवानेवाल्या माणसाकडून, मधे चाळणी एकच — पोलीस चौकशी! आणि त्या चौकशीत घरातल्या बाईला कोण विचारतं? कुणीच नाही!' हे वाक्य माझं. सभेत मी ते मूठ आवळून म्हणतो. बाया टाळ्या वाजवतात.

ते खोटं आहे. म्हणजे — सगळीकडे खोटं नसेलही. पण ज्या चौकशीवरून मी ते लिहिलं, तिथं ते साफ खोटं आहे.

गणपतदादा माझा चुलतभाऊ. भिंतीला भिंत लागून घर. हळदीत रानडुकरं घुसतात म्हणून त्यानं बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. डुकरं खरीच होती. पण दादाचा हात वहिनीवर चालतो, हेही खरंच होतं. भिंतीपलीकडून किती वेळा ऐकलं! ऐकून काय केलं? मोबाइलचा आवाज वाढवला.

अर्ज गेल्यावर वहिनी विरजण मागायला आली. आई आत गेली तशी हळूच म्हणाली, "भाऊजी, आता नुसता हातच हाय. बंदूक आल्यावर मी कुटं जाऊ? तुमी चारचौघांत बोलता. चौकशीला कुणी आलं तर तेवढं सांगा."

सांगतो म्हणालो. तावातावानं म्हणालो.

पोलीस ठाण्यातून बीटचा जमादार आला. चौकशी कुठं? दादाच्याच ओसरीवर, दादाच्याच चहावर. शेजारपाजारचे आम्ही बसलो. माणूस कसा? चांगला. भांडणतंटा? न्हाई, साहेब. माझी पाळी आली, मीही तेच म्हणालो. पण थांबा — कबुली ही नाही. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

जमादार उठता उठता थांबला. म्हणाला, "घरच्या बाईशी दोन शब्द बोलू द्या. एकटीशी." कप न्यायला आलेली वहिनी दारातच होती. दादाचा चेहरा उतरला. आणि मी — मीच, दुसऱ्या कुणी नाही — म्हणालो, "कशाला विचारता, साहेब? आधी साडीची तक्रार निघंल, मग माहेराची. संध्याकाळपस्तोर उठू देनार न्हाई तुमाला!"

सगळे हसले. "काय पोरगं हाय!" म्हणत दादानं पाठीवर थाप मारली. जमादारही हसला आणि गाडीकडं निघाला. वहिनीनं कप गोळा केले.

का बोललो? दादाची भीती? नव्हती. मोठ्या माणसांत बसलो होतो, विनोद सुचला, बोललो. तो साधला याचा आनंदही झाला — हेही लिहून टाकतो.

परवाना आला. नांदेडच्या दुकानदारानं तो नीट तपासूनच बंदूक दिली. नियमात कुठंच खोट नाही. बंदूक त्यांच्या निजायच्या खोलीत खुंटीला आहे. दादानं तिचा अजून एकदाही बार काढलेला नाही, डुकरावरसुद्धा नाही. भिंतीपलीकडून आता आवाज येत नाही. आई म्हणते, सुधारला बघ.

पत्रक मी त्यानंतर लिहिलं. 'कुणीच नाही' लिहिताना पेन अडखळलं का? नाही. जमादार बदलून गेला होता. त्याच्यावर ढकलायला सोपं गेलं. विचारणारा तोच एक होता, आणि गावोगाव मी त्यालाच शिव्या घालतो.

वहिनीला वाचता येतं. पत्रक तिच्याही घरात गेलंय. ती आता आमच्याकडं येत नाही. गल्लीत समोर आली तर अंग चोरून बाजूनं जाते. हे सगळं तुम्हाला सांगून झालं. तिच्याशी मी त्या दिवसापासून एक शब्द बोललेलो नाही.