उभ्या तुरीतली चाचणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

माझं काम ऐकायला रुक्ष आहे. बिनतारी यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, याचं मानक जगभरचे इंजिनिअर मिळून लिहितात. मसुद्यावर मतदान होतं. 'नाही' म्हणणाऱ्याने कारण लिहायचं, आणि मंजुरीआधी अशा प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचं. दिग्रसच्या घरात कानाला हेडफोन लावून मी अशी ऑनलाइन बैठक पहिल्यांदा ऐकली, तेव्हा थक्क झाले. एकट्या माणसाने एका शब्दावर बोट ठेवलं, तरी सगळे थांबायचे! माणसं एकमेकांचं इतकं ऐकून घेतात — हे मी आधी कुठे पाहिलं होतं?

त्यातली एक हरकत उत्तर द्यायला माझ्या वाट्याला आली. बर्फाच्या मुलखातल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरची. उभ्या, ओल्या पिकातून संदेश पोचला नाही, तर यंत्राने तो पुन्हा किती वेळा पाठवायचा? तुमची मर्यादा अपुरी आहे, त्याने लिहिलं होतं. कुणी शेतात तपासलंय का?

शेताजवळ राहणारी मीच होते.

माझा धाकटा भाऊ प्रकाश तांड्यावरची शेती बघतो. तो बाजाराला गेला होता, तेव्हा मी एकटीच त्याच्या तुरीत शिरले. तूर डोक्याच्या वर, पानांवर दव. संदेश पाठवणारी एक डबी बांधावरच्या बाभळीला बांधली, तो घेणारी दुसरी हातात. संदेश हरवत होते — एखाददुसरा नाही, पुष्कळ. म्हातारा बरोबर होता. तुरीचं झाड त्याने बहुधा कधी पाहिलंही नसेल, आणि तिथे बसून त्याला हे दिसलं? माझ्या अंगावर काटा आला.

मग मी काय केलं?

तूर कापून झाल्यावर, रिकाम्या वावरात, पुन्हा मोजलं. एकही संदेश चुकला नाही. आणि उत्तर लिहिलं — उभ्या पिकात तपासलं, अडचण नाही, हरकत अमान्य.

ती मर्यादा वाढवली असती, तर मसुदा पुन्हा मतदानाला गेला असता. सगळे थकले होते, मी नवीन होते. काम अडवणारी बाई व्हायचं नव्हतं मला — एवढंच. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं.

बैठकीत म्हाताऱ्याने माझं उत्तर वाचलं. आता मोजमाप मागेल, असं वाटलं. पण शेतात उभं राहून आलेल्या माणसाशी मी वाद घालणार नाही, असं म्हणून त्याने आपला नकार मागे घेतला. एका शब्दासाठी जगाला थांबवणारा हा माणूस — माझ्यावर इतका सहज विश्वास कसा ठेवू शकला? त्या विश्वासापुढे मी आजही मान वर करू शकत नाही. मानक मंजूर झालं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

काही वर्षांनी त्या नियमांवर चालणारी यंत्रं बाजारात आली. माझ्या कामाची म्हणून प्रकाशने हौसेने घेतली. एक विहिरीवर, दुसरं वावराच्या दुसऱ्या टोकाला, मोटारीच्या स्टार्टरपाशी. विहिरीचं पाणी तळाला गेलं, की मोटार आपोआप बंद. सोयाबीन होतं तोवर छान चाललं. पुढच्या साली तिथे तूर उभी राहिली. विहिरीवरचा संदेश पोचलाच नाही, मोटार कोरडी फिरून जळाली. नवी बसेपर्यंत पाण्याविना तुरीचा फुलोरा गळून गेला.

मी गेले, तेव्हा प्रकाश डबी उघडून बसला होता.

"ताई, बाकीच्याईचं तं चालून राह्यलं," तो म्हणाला. "माह्याच्यानंच लावतानी काही चुकलं असन."

बाकीच्यांच्या वावरात तूर नव्हती. तो माझ्याकडे बघत होता. या यंत्राबद्दल तांड्यावर माझा शब्द शेवटचा.

"असन," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, आणि पहिल्यापासून वायरी जोडायला घेतल्या.