सरांचा रिव्ह्यू, माझ्या गोगलगायी

पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात संशोधन-नियतकालिकांचे पेपर रिव्ह्यूसाठी यायचे आमच्या विभागप्रमुख सरांच्या नावावर आणि तपासायचे मी. चाळिशी उलटल्यावर पीएचडी झालेली मी विभागातली सगळ्यात नवी संशोधक. त्यामुळे "मॅडम, जरा नजर टाका ना" हे माझ्याच वाट्याला. सोमवारच्या यादीत हे काम मी गॅसचा नंबर लावणे आणि मुलांची जर्नल्स तपासणे यांच्यामध्ये लिहून टाकायचे.

एका सोमवारी सरांनी पाठवलेला पेपर उघडला, तर तो माझाच.

खाडीतल्या तिवरांवर राहणाऱ्या गोगलगायींवर मी एकटीने लिहिलेला. रिव्ह्यू होईपर्यंत लेखकाचं नाव झाकलेलं असतं. मालाडच्या खाडीचं नावही मी झाकलं होतं. हा पेपर छापून आला तरच मला स्वतःचे पीएचडीचे विद्यार्थी घेता येणार होते.

स्वतःला झकास शेरा देण्याचा मोह झाला. चहा पिऊन तो घालवला आणि सरांना म्हटलं, "हा पेपर मी तपासणं बरोबर नाही. तुम्हीच बघा."

का, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं. सरांनी विचारलं नाही.

मग आठवडाभर ते वाचत होते आणि चहाच्या वेळी मला ऐकवत होते. लेखक नक्की पुरुष आहे, तरुण आहे आणि त्याला तक्त्यांचं व्यसन आहे, असं त्यांचं निदान. "गोगलगायी मोजत बसतो म्हणजे काय मॅडम? घरी कामं नाहीत का याला?" असं म्हणत त्यांनी कप ठेवला तो माझ्या गोगलगायींच्या बरणीला टेकवून. ती बरणी कित्येक महिने तिथेच होती.

शुक्रवारी त्यांचा धीर संपला. "वाट लावली यानं डोक्याची. रिजेक्ट करून टाकतो."

माझं बिस्किट चहात पडलं. "करा ना सर. फक्त कारणं सविस्तर लिहावी लागतात."

हे खरंच होतं. आजवर ती मीच लिहीत आल्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं. सरांनी सुस्कारा सोडून पेपर पुन्हा पुढे ओढला.

संपादकांमार्फत शेरे माझ्याकडे आले. बरेचसे तक्त्यांवरच घसरले होते. शेवटचा मात्र वेगळा होता: सगळी मोजणी ओहोटीला केली आहे, भरतीला गोगलगायी खोडावर चढतात, हे कोकणातलं कुठलंही पोर सांगेल.

मी मुलुंडची. ओहोटीला जायचे, कारण चप्पल कमी भिजते. आता एका कोळी मावशींच्या होडीतून भरतीला गेले. गोगलगायी खरंच वर चढल्या होत्या, थेट माझ्या नाकासमोर. दोन तक्ते बाद झाले. उत्तरात मी रिव्ह्यूअरचे मनापासून आभार मानले.

ते उत्तर सरांनी मलाच वाचून दाखवलं. "बघा, ऐकणारा माणूस आहे. शिका जरा." आणि पेपर स्वीकारावा, असं कळवून टाकलं.

छापील प्रत मी त्यांच्या टेबलावर ठेवली, वर वजन म्हणून ती बरणी. सरांनी नाव वाचलं. बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तक्ते अजूनही जास्तच आहेत," ते म्हणाले.