आठव्या विहिरीचे बुधवार

पोलादी टेपला खडू घासायचा, खाली वजन बांधून ती विहिरीत सोडायची आणि वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचं. मोठ्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत धनजच्या बारा विहिरींचं पाणी दर बुधवारी असं मोजलं जाई. मोजणारे बौद्धवाड्यातले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, सातवी पास. मी त्यांना भाऊ म्हणायचो. आमच्या घरातलं दुसरं कोणी म्हणत नसे. मी कारंज्याच्या भूजल कचेरीत कारकून होतो.

काम नागपूरच्या एका प्राध्यापक बाईंचं. खडकाखाली पाणी कसं सरकतं, किती टिकतं, याचं गणित त्यांना मांडायचं होतं. हातानं करायला जन्म पुरला नसता, म्हणून त्यांनी मुंबईच्या मोठ्या सरकारी कॉम्प्युटरवर पाळी मागितली. देशभरातले संशोधक तिथे रांगेत असत. "माझ्या आधी ताऱ्यांचं गणित आहे आणि माझ्यामागे धरणाच्या भिंतीचं," असं बाई कौतुकानं सांगायच्या. त्यांना दोन तास मिळाले होते. भाऊंचे आकडे मी तक्त्यात उतरवायचो, नागपूरला मुली त्याप्रमाणे कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडायच्या, आणि कार्डांचं खोकं मुंबईला जायचं. काम नीट झालं तर भाऊंना कचेरीत कायम करू, असं बाईंनी सांगितलं होतं. भाऊ ती टेप धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवत.

आठवी विहीर आमची, टेकडीजवळच्या शेतातली. उन्हाळ्यात माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, शेतावर राहायला आले आणि म्हणाले, "मोजनं-बिजनं सरकारच्या घरी. माह्या इहिरीवर त्यानं पाय ठेवला तं टेपसकट आत टाकीन."

भाऊंनी वहीत आठव्या विहिरीपुढची जागा रिकामी ठेवली. मी म्हटलं, "भाऊ, टाका ना अंदाजानं एखादा आकडा."

ते हसले. "अंदाजच पाह्यजे होता तं टेप कायले देल्ली जी? घरी बसूनच सांगतलं असतं सारं!"

मग तक्त्यातली जागाही रिकामीच जाऊ लागली.

मुंबईची पाळी झाली आणि बाई जीपनं थेट धनजला आल्या. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर त्यांनी लांबलचक कागद उलगडला. "भर मे महिन्यात अकरा विहिरी तळाला आणि आठवी काठोकाठ! कॉम्प्युटरनं तुमचं पाणी टेकडीवर चढवलंय."

आम्ही हसलो, भाऊही हसले. बाई म्हणाल्या, "चूक माझी. रिकामी जागा म्हणजे ते यंत्र शून्य समजतं, आणि काठापासून शून्य खोल म्हणजे पाणी काठाला. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं." वाया गेलेल्या दोन तासांबद्दल एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "पण जागा रिकामी का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मोठेबाबा पलीकडे सुपारी कातरत बसले होते.

मी म्हणालो, "हे गेलेच नाहीत त्या दिवसांत."

"का हो? बरं नव्हतं का?" बाईंनी भाऊंना विचारलं.

"नाही जी. तब्येत चांगली होती." एवढंच बोलून ते टेप गुंडाळू लागले. मग बाईंनी तक्त्यावर लिहिलं, निरीक्षक गैरहजर.

काही महिन्यांनी बाईंना दुसरी पाळी मिळाली. आठवी विहीर वगळून गणित जमलं. त्या गणितानं दाखवलेल्या जागी बोअर मारले, त्यांना पाणी लागलं. एक बौद्धवाड्यातही लागला. भाऊंना मात्र कायम केलं नाही. ज्याला कोणाच्याही विहिरीवर जाता येत होतं, असा माणूस त्यांच्या जागी आला. मी मोठेबाबांना भ्यालो, असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो. भ्यालो होतोच. पण मी कोणत्या घरातला, हे बाईंना कळू नये, हे त्याहून मोठं होतं.

परवा पुण्याहून एका संशोधक मुलीचं पत्र आलं. तिथल्या नव्या महासंगणकावर ते जुने आकडे पुन्हा चढवतायत. इतकी काटेकोर मोजणी त्या काळातली दुसरी मिळत नाही, असं तिनं लिहिलंय. बाकी विहिरी मोजणारा निरीक्षक आठवीवर सहा बुधवार गैरहजर का, एवढंच तिला हवंय.

मी उत्तर लिहिलं. जात पाहून त्यांना अडवलं, अडवणारं घर माझं, खोटं मी बोललो. टपालात टाकण्याआधी धनजला जाऊन भाऊंना वाचून दाखवलं. आता ते पार थकलेत. मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकलं.

"सहा नाही जी. सात."

"तक्त्यात सहाच आहेत, भाऊ."

"तक्ता तुमचा. वहीत सात होते. पयल्या बुधवारचा आकडा तुमी टाकला."

खरं होतं. पहिल्या आठवड्याचा आकडा मी मनानंच भरला होता. पत्रात मी ते लिहिलं नव्हतं, आणि विसरलो होतो असंही म्हणवत नाही.

"लिवा मंग," भाऊ म्हणाले. "नाहीतं त्या पोरीचं गणित पुन्हा चुकन."

त्यांच्याच खाटेवर बसून मी सहाचे सात केले, आणि खाली त्या पहिल्या बुधवारची गोष्ट लिहिली. माझं लिहून होईपर्यंत ते समोरून हलले नाहीत.