वहिवाटीची जीप

भानुदास गेल्याची बातमी कॉलेजमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, म्हणूनच मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. याच ग्रुपने मागे एका मित्राला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती आणि जोडलेल्या हातांची रांग संपायच्या आत त्यानेच खाली लिहिलं होतं, ‘मी घरी आहे, चहा घेतोय.’ मी सरळ भानुदासच्याच नंबरवर फोन लावला. तो उचलून म्हणेल, ‘जोश्या, एवढी घाई? तुला आधीच माहीत हुतं का काय?’ अशी माझी तयारी होती. फोन त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी उचलला. त्या म्हणाल्या, ‘खरं हाय, भाऊजी. सकाळी गोठ्यातून आले, ओट्यावर बसले... ते बसलेच.’

नगरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी नगरलाच ग्रंथपाल झालो, तो तिसगावजवळच्या आपल्या वस्तीवर शेती बघायला परत गेला. आम्हाला धरून ठेवलं ते एका समान दुर्गुणाने. कुणी काही ठासून सांगितलं की आम्हा दोघांनाही संशय यायचा. माझा संशय पुस्तकी होता, त्याचा रोजच्या वापरातला. वाण्याचा काटा, हवामानाचा अंदाज, भविष्य सांगणारे आणि भविष्य घडवून देतो म्हणणारे, सगळे त्याच्या लेखी एकाच रांगेत उभे. शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तरीही तिथे मोटारसायकलला साखळी आणि साखळीला कुलूप लावून तो दर्शनाला जायचा. ‘गावावर इश्वास हाय माझा,’ तो म्हणे, ‘भाविक बाहेरून येतात.’

अशा माणसाने साठीला टेकल्यावर एका धाब्यामागे गंजत पडलेली जीप विकत घ्यावी, हेच मुळी संशयास्पद होतं. विकणाऱ्याने ती युद्धावर जाऊन आल्याचं सांगितलं होतं. नगरला लष्कर असल्यामुळे आमच्याकडची प्रत्येक जुनी जीप युद्धावरूनच आलेली असते. भानुदासने तिला एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘युद्धावर असती तर कुठं तरी गोळी लागली असती. हिला नुसता गंज लागलाय.’ आणि तरी घेतली. तिसगावच्या बाजारतळाशेजारी एका पत्र्याच्या शेडमध्ये ती ओढत आणली आणि नगरहून रफिक मिस्त्री एसटीने येऊ-जाऊ लागले.

ती दुरुस्ती नव्हती. जीप आधी नाहीशी करण्यात आली. बॉडी उतरवली, इंजिन काढलं, पुढची-मागची चाकं, स्प्रिंगचे पाटे, गिअरबॉक्स... शेवटी विटांवर टेकवलेली नुसती चॅसी उरली. मी पाहायला गेलो तेव्हा ती एखाद्या मोठ्या प्राण्याच्या सांगाड्यासारखी दिसत होती आणि भानुदास तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. चॅसीला कुठे पट्टी मारली, कुठे नुसता रंग मारला, हे तो नखाने खरवडून बघायचा. मिस्त्री गिअरबॉक्स नगरला नेतो म्हणाले, तेव्हा मात्र त्याला घाम फुटला. न्यायचा एक आणि आणायचा दुसरा, असं झालं तर? यावर त्याने काढलेला तोडगा तिसगावच्या बाजारात अजून सांगतात. बाजारात स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देणारा एकजण बसतो. भानुदासने त्यालाच शेडमध्ये आणला आणि जीपच्या एकेका भागावर नाव घालून घेतलं. नाव कुणाचं, असं त्याने विचारल्यावर सवयीने ‘सौ. सुमन’ असंच भानुदासच्या तोंडातून गेलं. तोही सवयीचा माणूस. गिअरबॉक्सवर त्याने ‘सौ. सुमन यांस सप्रेम भेट’ असं वळणदार अक्षरात कोरलं.

रफिक मिस्त्रींनी ते वाचून पाना खाली ठेवला. ‘भानुदासशेठ, आता हा चोरला तरी विकता येणार नाही. घेणारा विचारेल, वहिनींची परवानगी आहे का?’

‘तेच पाहिजे मला,’ भानुदास म्हणाला.

गावाला एव्हाना वेगळाच वास लागला होता. आमच्याकडे माणूस उघडी जीप तयार करतो, ती एकाच कारणासाठी. निवडून आल्यावर गळ्यात हार घालून उभं राहायला. त्यातून भानुदास कारण सांगेना. मग पारावर त्याची जिल्हा परिषद ठरली, पॅनेल ठरलं, त्याच्या मागे नेमकं कोण आहे हेही ठरलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. चांगल्या माणसांना साठीत हा आजार होतो, हे मी पाहिलेलं आहे. शेवटी तालुक्याचे एक पुढारी, ज्यांना सगळे नुसतंच साहेब म्हणतात, शाल आणि नारळ घेऊन शेडमध्ये आले. शाल ही आपल्याकडे मोजपट्टीसारखी वापरतात. खांद्यावर टाकताना माणूस किती वाकतो, ते बघायचं. भानुदास खुर्चीतून उठलाच नाही. त्याचे दोन्ही हात ग्रीसमध्ये होते.

‘भानुदासराव, गाडी झकास होणार. कुठवर न्यायची म्हणता?’

‘घरापत्तुर.’

साहेब मोठ्याने हसले. असं उत्तर फक्त मुरलेला उमेदवार देतो, अशी त्यांची खात्री झाली असावी. ते शाल तशीच खुर्चीच्या पाठीवर टाकून गेले. रफिक मिस्त्रींनी पुढे तिने रेडिएटर पुसला.

उत्तर मात्र शब्दशः खरं होतं. जीप उभी राहिली तेव्हा भानुदासने मला बोलावून शेजारी बसवलं आणि डांबरी सोडून गाडी ओढ्यात घातली. ओढ्यापलीकडे त्याच्या चुलतभावाचं, नामदेवचं शेत, आणि त्याच्याही पलीकडे भानुदासची वस्ती. वस्तीवर जाणारी जुनी बैलगाडीची वाट नामदेवच्या शेताच्या कडेने होती. गाड्या गेल्या, बैल गेले, माणसं मोटारसायकलवरून बांधाबांधाने जाऊ लागली. नामदेव दर नांगरटीला वाट थोडी थोडी खात गेला आणि एका वर्षी ती उरलीच नाही. नकाशावर तिची रेघ नाही. ती नुसत्या वहिवाटीची, म्हणजे वापरात असेल तोवरच असणारी वाट. ती गेली तर वस्तीवर चारचाकी जायला दुसरा मार्ग नाही.

‘मग ट्रॅक्टर घालायचा होतास,’ मी बाहेर फेकलो जाऊ नये म्हणून समोरची दांडी घट्ट धरत म्हणालो.

‘ट्रॅक्टर कुठं बी जातो. त्याला रस्ता कोन म्हनतं? गाडीत मानसं बसून घरी गेली, की त्याला रस्ता म्हनत्यात.’ त्याने फोर व्हीलचा दांडा ओढला आणि आम्ही नांगरलेल्या ढेकळांवरून हेलकावे खात निघालो. ‘बोललो असतो, तर नाम्यानं कधीच तूर पेरली असती हितं. लोक इलेक्शन म्हनत हुते, म्हनू दिलं.’

मला का बोलावलंय, ते तेव्हा ध्यानात आलं. त्याला शिकलेला साक्षीदार हवा होता. मी तसं म्हणालो, तर तो अजिबात शरमला नाही. ‘मग? तुला काय हवा खायला आनलंय?’

त्यानंतर रोज एकदा तरी जीप त्या वाटेने जाऊ लागली. ढेकळं दबली, दोन चाकोऱ्या पडल्या. नामदेव बांधावर उभा राहून बघायचा. एकदा त्याने हाकही मारली, ‘दादा, माझ्या मातीवर कशाला डिझेल जाळतो?’ यावर भानुदास गाडी न थांबवता म्हणाला, ‘पेट्रोल हाय, नाम्या. वास घेऊन बघ.’ भानुदासने तहसीलला अर्ज केला, पाहणी झाली, मीही सही केली. अधिकाऱ्याने चाकोऱ्या पाहिल्या, नामदेवचं ‘ह्या काल पाडल्यात’ हेही ऐकून घेतलं आणि दोघांवरही सारखाच संशय घेऊन म्हणाला, ‘परत एकदा येऊ. न सांगता.’ भानुदासला हा माणूस फार आवडला.

तो पुन्हा यायच्या आत भानुदास गेला.

दहाव्याला ओढ्याच्या काठी मांडव होता, आणि मांडव म्हटला की माईक आलाच. कावळा येण्याआधी पाच वक्ते येऊन गेले. भानुदासने समाजासाठी जीप बांधली, असं मला तिथे कळलं. साहेबांनी जाहीर केलं, की वस्तीच्या रस्त्याला कै. भानुदास यांचं नाव देऊ आणि तोंडाशी कमान उभारू. मुंडन केलेला नामदेव मान खाली घालून बसला होता, त्यानेही मान डोलावली. कोणता रस्ता, हे कुणी विचारलं नाही. सुतकात जीप जागची हलली नव्हती, रब्बीची नांगरट सुरू झाली होती, आणि मी येताना पाहिलं होतं की नामदेवच्या शेतातलं ढेकूळ एका चाकोरीच्या काठापर्यंत येऊन ठेपलं होतं. नाव तयार होतं, कमान तयार होती. फक्त रस्ता चालला होता.

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला वस्तीवर गेलो, तर वहिनी जीपवरची ताडपत्री काढत होत्या. मला वाटलं, गाडी विकायची आहे. त्या पदर खोचून सरळ स्टिअरिंगमागे बसल्या. ती सीट भानुदासने स्वतःच्या मापाने बोल्ट मारून पक्की केलेली. वहिनींचे पाय पुरेनात. त्यांनी पाठीशी एक वाकळ घडी करून घातली.

‘सीट पुढे घेता येईल की,’ मी म्हणालो.

‘ऱ्हाऊ द्या. बसा तुमी.’

‘शिकलात कधी?’

‘पाडव्यापास्नं. म्हनले, शिकून घे, माजा काय भरवसा न्हाई.’

जगात कुणावरच भरवसा न ठेवणाऱ्या माणसाने स्वतःलाही त्यातून वगळलं नव्हतं... मी बसलो. क्लच सुटताना गाडीने असा हिसका दिला की माझा चष्मा मांडीवर आला. पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाला रडवत, आम्ही नामदेवच्या शेताशी आलो. नामदेव ट्रॅक्टरवर होता, नांगर जमिनीत. वहिनींनी हॉर्न दिला नाही, वेगही कमी केला नाही, मुळात कमी करण्याइतका तो नव्हताच. चाकोरीच्या तोंडाशी नामदेवने ट्रॅक्टर थांबवला. जरा वेळाने नांगर वर उचलला आणि इंजिन बंद केलं.

तो भावजयीला मान देत होता की आम्ही ओढ्यात कधी अडकतो याची वाट बघत होता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ओढ्याच्या पाण्यात उतरताना मी हळूच म्हणालो, ‘वहिनी, तो बघतोय.’

‘बघू द्या की,’ त्या समोरची नजर न हटवता म्हणाल्या. ‘उद्या तहसीलच्या सायबानं इचारलं गाडी जाती का, तर बघनाऱ्याला न्हाई म्हनता यायचं न्हाई.’