काळ्या मातीतले बटाटे

सोळा फेब्रुवारी. काम : बटाटे काढणे. कुदळीचा टिकाव लागेना, म्हणून पहार बाहेर काढली.

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरामागे, स्वयंपाकघराला लागून, दहा बाय बाराचा तुकडा आहे. तिथली माती मी अकरा वर्षं केली. केली म्हणते, कारण आधी तिथे बांधकामाचा चुराच होता. ओला कचरा, शेणखत, कडुनिंबाचा पाला, थोडी वाळू. शेवटी हात मनगटापर्यंत आत जायचा. दर हिवाळ्यात दोन ओळी बटाटे घ्यायचे आणि कोणाला सांगायला जात नव्हते.

मग नवरा निवृत्त झाला आणि त्याला शेती कळू लागली. ऑक्टोबरात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस धुळ्याला होते. परत आले तर तुकडा वीतभर उंच. त्याच्या बहिणीच्या अमळनेरजवळच्या शेतातून यानं ट्रॉलीभर काळी माती आणून माझ्या मातीवर पसरली होती.

"खान्देशची काळी माती आहे," तो म्हणाला. "हिच्यात काठी खोचली तरी फुटते."

"काठी फुटेल. बटाट्याला भुसभुशीत लागते."

"तू राहू दे. यंदा मी करतो. नाही जमलं तर जागा तुझी."

पाणी दिलं की ती माती चपलेला अर्धा किलो चिकटायची, ऊन लागलं की भेगाळायची. झाडांच्या बुंध्याशी मातीची भर घालायची वेळ आली तेव्हा खुरपं वाकलं. भर घातलीच नाही. त्याऐवजी रोज संध्याकाळी नळी सोडून हा उभा. वर पाला असा माजला की सकाळी याच्याबरोबर फिरणारे चार निवृत्त साहेब येऊन फोटो काढून नेत. पाल्याचे फोटो. खाली काय चाललंय, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

हे चौघे आणि माती देणारी माझी नणंद सोळा तारखेला बटाट्याच्या भरिताला बोलावलेले. पहारीनं ढेकूळ उचकटायचं, पायरीवर आपटायचं, मग आतून बटाटा निघायचा. दीड तासात लहान पातेलं भरलं. बरेचसे सुपारीएवढे, काही सडलेले, काही भेगांतून ऊन लागून हिरवे. हिरवा बटाटा बाधतो, म्हणून ते मी बाजूला फेकले. एका साहेबांनी त्यातला एक उचलला.

"नैसर्गिक रंग आहे, वहिनी."

"मग खा."

त्यांनी तो खाली ठेवला.

"भाऊ, मी तवयच सांगं व्हतं," नणंद म्हणाली. "हाई माती कापूसनी शे, बटाटानी नही."

"अक्का, पहिल्या वर्षी माती बसायला वेळ लागतो," नवरा म्हणाला. चौघांनी माना डोलावल्या.

भरीत मी बाजारातून आणलेल्या बटाट्यांचं केलं. चौघे बोटं चाटत म्हणाले, घरच्या मातीची चवच वेगळी. इतक्या मूर्खपणाला उत्तर द्यायचं तर दिवस पुरत नाही.

चौघे गेल्यावर हात पुसत तो बहिणीला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात अजून एक ट्रॉली पाठव. थर कमी पडला."

"जमलं नाही तर जागा माझी, असं ठरलं होतं," मी म्हणाले.

"अगं, जमलं नाही कुठे? पातेलं भरलं ना."

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. पिशवी उचलली. संध्याकाळच्या एस.टी.नं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मागचा दिवा लावून फावडं आणि घमेलं घेऊन गेले. काळा थर संपून माझी माती लागली की रंगावरून कळत होतं, तिथे थांबायचं. साडेसातपर्यंत पहिली तीस घमेली काळी माती गेटसमोर ओतली, त्याची स्कूटर निघणार नाही अशी. मग माती आणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करून सांगितलं, अमळनेरहून येताना ट्रॉली रिकामीच आण, इथून भरून न्यायची आहे.